चित्रं घेऊन शाळेत जायचंय? मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढणाऱ्या मराठवाड्यातल्या नव्या चित्रकारांसाठी सगळं सविस्तर

माझी पहिली शाळाभेट २० मिनिटांत संपली. ठरली होती दीड तासाची. लॅपटॉपमध्ये ४० स्लाइड तयार, पेन ड्राइव्हमध्ये त्याची कॉपी, आणि शाळेत गेल्यावर कळलं की लाइटच नाही. पहिली ते सातवीची सगळी पोरं व्हरांड्यात दाटून बसवलेली, आधी स्वागतगीत, मग शाल-श्रीफळ, मग तीन भाषणं, त्यात अकरा वाजायचे साडेबारा झाले आणि तिकडं खिचडी शिजून तयार. उरलेल्या वेळात मी घाबरून फळ्यावर गाय काढली, माझ्या पहिल्या पुस्तकातली, जिचं सगळ्यांनी कौतुक केलं होतं ती. मागच्या रांगेतलं एक पोरगं उठलं, "म्याडम, हिला वशिंड कामून नाही?"

मला आधी वाटलं आगाऊ आहे. घरी येऊन पुस्तक उघडलं तर पोरगं शंभर टक्के बरोबर. मी लातूर जिल्ह्यात वाढलेली, देवणी गाय जिथली म्हणतात तो देवणी तालुका आमच्याच जिल्ह्यातला, आणि माझ्या पुस्तकात होती ती सपाट पाठीची, काळ्या-पांढऱ्या चट्ट्यांची विलायती गाय. पुस्तक छापून झालेलं, आता काय करणार.

त्यानंतर दहा-अकरा वर्षांत बऱ्याच शाळा झाल्या, बहुतेक झेडपीच्या. नवीन चित्रकार पोरं-पोरी फोन करून तेच तेच विचारतात, परवानगी कुठून घ्यायची, पोरांसमोर काय करायचं, पैसे मागायचे का, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. एक आधीच सांगते, मी शाळेत शिकवायला जाते हे खरं नाही, मी बघायला जाते. पोरं काय काढतात, कशाला हसतात, कुठल्या चित्राला "हे असं नसतंय" म्हणतात, ते बघायला. तुम्ही पुस्तक खपवायला किंवा फेसबुकवर फोटो टाकायला जाणार असाल तर पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

१. शाळेत जायच्या आधी आपला भाग बघून घ्या

हे सगळ्यात जास्त वेळ खाणारं काम आहे आणि हेच सगळे सोडून देतात.

आपल्या सगळ्यांच्या हातात एक "देखावा" बसलेला आहे. दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी, बाजूला उतरत्या कौलाचं घर आणि एक नारळाचं झाड. आता मला सांगा, बीड-लातूर-परभणीकडं गावात किती नारळ दिसतात? आणि आपले डोंगर त्रिकोणी कुठं आहेत? बालाघाटाचे डोंगर बघा, वरून सुरीनं कापल्यासारखे सपाट. लाव्ह्याचे थर एकावर एक साचून हा खडक झालाय, म्हणून माथा सपाट आणि अंगावर पायऱ्या पायऱ्या. एसटीच्या खिडकीतून एकदा नीट बघून काढा, परत त्रिकोण निघणार नाही हातातून.

घराचं तेच. जुन्या गावात माळवदाचं घर असतं, वर सपाट मातीचं धाबं, उजेडासाठी त्याला वरून सवणं (काही गावांत सानं म्हणतात). त्या सवण्यातून दुपारी उन्हाचा जो कवडसा पडतो आणि त्यात धुळीचे कण नाचतात, ते एवढं भारी चित्र आहे आणि मी ते एकाही पुस्तकात बघितलेलं नाही. माळवदावर पोरं झोपतात, पापड वाळतात, पतंग उडतात, भांडणं होतात. कौलावर यातलं काय होतंय?

जनावरं काढताना तर जपून. देवणीतच तीन प्रकार सांगतात. वानेरा म्हणजे अंग पांढरं आणि तोंडाची बाजू काळी, बालंक्या म्हणजे अंग पांढरं पण खाली पोटाकडं काळे ठिपके, आणि शेवरा म्हणजे अंगभर वाकडेतिकडे काळे ठिपके. नांदेडकडं कंधारच्या बाजूला गेलात की लाल कंधारी, गडद तांबडी. शाळेतली निम्मी पोरं सकाळी गोठ्यातून उठून आलेली असतात, त्यांना फसवता येत नाही. बघायला सगळ्यात चांगली जागा म्हणजे माळेगावची यात्रा, लोहा तालुक्यात, खंडोबाची. घोडे, गाढवं, बैल, उंट सगळं एका माळावर. मी दोन दिवस बसून एक अख्खी वही भरली होती, फक्त पायांची चित्रं. जनावराचे पाय जमले की बाकी जमतंय.

आता जुन्या गोष्टी. अजिंठा तर करायचंच, पण सहलीत गेल्यासारखं नाही. १७ नंबरच्या लेण्यात एक तास उभं राहा. तिथं जातककथा (बुद्धाच्या आधीच्या जन्मांच्या गोष्टी) भिंतीवर आहेत आणि त्यात मध्ये चौकटी नाहीत, एकच माणूस एकाच भिंतीवर चार-पाच वेळा येतो, इथं निघाला, इथं पोचला, इथं संकटात सापडला. पहिलीतलं पोरगं पण असंच काढतं! आईला एकाच कागदावर तीनदा काढतं, एकदा चुलीपाशी, एकदा शेतात, एकदा झोपलेली, आणि आपण त्याला म्हणतो, अरे तीन आया कशा काय. मला माझ्या दुसऱ्या पुस्तकाची रचना तिथं सापडली. जाणार असाल तर अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. गाडी फर्दापूरच्या टी पॉइंटला लावून पुढं तिथल्या बसनं जावं लागतं. फ्लॅश चालत नाही. आणि आत गेल्या गेल्या काही दिसत नाही म्हणून लगेच बाहेर पडू नका, डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला पाच मिनिटं द्या.

अंबाजोगाईला दासोपंतांची पासोडी आहे, हे आमच्या भागातल्याच निम्म्या चित्रकारांना माहीत नसतं. सोळाव्या-सतराव्या शतकातला संतकवी, त्यानं पंचीकरण (पंचमहाभूतांचं तत्त्वज्ञान) हा विषय कागदावर न लिहिता एका लांबच लांब कापडावर लिहिला, जवळपास ४० फूट, अक्षरं आणि आकृत्या एकत्र. मजकूर आणि चित्र एकाच अंगावर नांदवायचं म्हणजे आपलाच धंदा की हा. मी हे वाचल्यावर जुन्या धोतराच्या कापडावर गोष्ट काढून शाळेत नेली, दोन पोरांनी दोन टोकं धरायची आणि हळूहळू उलगडायची. पुस्तकाचं पान उलटताना जी उत्सुकता असते ती यात दुप्पट होते, शिवाय शेवटच्या रांगेला पण दिसतं.

तेरचं सरकारी म्युझियम (धाराशिव जिल्हा, लामतुरे यांच्या संग्रहातून झालेलं) भाजक्या मातीच्या बाहुल्यांसाठी बघा. पैठणला पैठणीच्या पदरावरचे मोर-पोपट मोजून काढा, धाग्यात विणायचं असल्यामुळं त्यांची वळणं पायरी पायरीनं जातात, कॉम्प्युटरवर काढणाऱ्यांना लगेच कळेल मी काय म्हणते ते. तांड्यावर, म्हणजे बंजारा वस्तीत, एखाद्या आजीची फेटिया-कांचळी (घागरा-चोळी) बघायला मिळाली तर बसून बघा, आरसे, कवड्या, टाके.

इथं फसाल: हे सगळं बघून आलं की हात शिवशिवतो आणि माणूस प्रत्येक पानाच्या कडेला पैठणीची बॉर्डर आणि कोपऱ्यात बंजारा आरसे चिकटवायला लागतो. मी केलंय. ते पुस्तक लग्नपत्रिकेसारखं दिसत होतं.

२. एक डमी तयार ठेवा

चित्रांचं पुस्तक बहुतेक वेळा ३२ पानांचं असतं. आठ ए-फोर कागद एकात एक घालून मधोमध दुमडले, मध्ये दोन स्टेपल मारल्या की ३२ पानांची डमी तयार. त्यात पेन्सिलनं कच्ची चित्रं. शाळेत छापील पुस्तकापेक्षा डमी जास्त चालते असा माझा अनुभव, कारण पोरांना कळतं की हे अजून बदलू शकतं, मग ती बिनधास्त बोलतात. छापील पुस्तकासमोर गप्प बसतात, "छान आहे" म्हणतात, बाईंनी सांगितलेलं असतं तसं.

डमीत बघायचं एकच, मधल्या घडीत कुणाचा चेहरा येत नाही ना. घडीत नाक गेलं की छपाईनंतर माणूस ओळखू येत नाही.

३. शाळा शोधणं आणि परवानगी

खासगी इंग्लिश मीडियमला एक मेल केला की काम होतं, ते जाऊ द्या. झेडपीच्या शाळेचं सांगते.

सगळ्यात सोपी वाट म्हणजे ओळखीचा शिक्षक. कुणीतरी असतोच, मावशीचा दीर, मैत्रिणीचा नवरा. त्यांच्यामार्फत मुख्याध्यापकांशी बोला. त्यांचं तोंडी "या की" मिळालं तरी एक अर्ज लेखी द्या आणि सरांना म्हणा, केंद्रप्रमुखांच्या कानावर घाला. हे केलं नाही आणि नेमक्या त्याच दिवशी तपासणीला साहेब आले तर तुम्ही कोण, कशाला आलात, याची उत्तरं बिचाऱ्या सरांना द्यावी लागतात. माझ्यामुळं एका सरांना खुलासा लिहून द्यावा लागला होता, अजून वाईट वाटतं.

एका तालुक्यात चार-पाच शाळा करायच्या असतील तर पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या नावानं अर्ज टाका आणि आवक विभागात दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या. पोच नसली की अर्ज आलाच नव्हता असं होतं. दोन चकरा धरून चला.

आणि एक युक्ती, जी मला फार उशिरा कळली. दर महिन्याला केंद्राच्या पातळीवर शिक्षकांची शिक्षण परिषद भरते, आठ-दहा शाळांचे शिक्षक एका ठिकाणी येतात. केंद्रप्रमुखांना विनंती करून तिथं दहा मिनिटं मागून घ्या, डमी दाखवा, फोन नंबर द्या. ज्यांना खरंच पाहिजे ते आपण होऊन बोलवतात, आणि ज्यानं आपण होऊन बोलवलं त्या शाळेत भेट चांगलीच होते.

कागदपत्रं म्हणाल तर हीच लागतात:
– अर्ज, दोन प्रतीत (तारीख, वेळ, कोणते वर्ग, साहित्य कोण आणणार, फी नाही असेल तर तसं स्पष्ट)
– आधारची झेरॉक्स
– अर्ध्या पानात स्वतःची माहिती, मराठीत, पुरस्कारांची यादी नको
– पुस्तकाची किंवा डमीची एक प्रत, नाहीतर चार चित्रांचे प्रिंट
– खासगी शाळा मानधन देणार असेल तर पॅन, कॅन्सल चेक आणि साधं बिल

४. तारीख

इथं बाहेरून आलेले लोक हमखास आपटतात.

१७ सप्टेंबर, मुक्तिसंग्राम दिन, त्या दिवशी सकाळी झेंडावंदन असतं, पोरं प्रभातफेरीनं दमलेली असतात, नंतर कुणी थांबत नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी पोरांचं लक्ष बैलांच्या शिंगांच्या रंगात. डिसेंबरच्या शेवटी आणि जानेवारीत सहल आणि गॅदरिंग. शिष्यवृत्तीची परीक्षा असते तेव्हा शिक्षकच हात जोडतात. आणि लातूर-धाराशिवला येळवस, वेळा अमावस्या! एक पुण्याच्या संपादक बाईंनी त्या दिवशीची तारीख ठरवली होती, मी म्हणलं ताई त्या दिवशी शाळेतच काय, गावात सुद्धा माणूस सापडणार नाही, सगळं गाव शेतात असतंय.

बीड जिल्ह्यात दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला गाड्या निघतात. वर्गातली पोरं आई-बापाबरोबर कारखान्याकडं जातात, काही आजी-आजोबांकडं किंवा हंगामी वसतिगृहात मागं राहतात. पट ४० चा आणि समोर १६ असं होतं. म्हणून लोक सांगतात जुलै-ऑगस्टमध्येच जा. मी पण तेच सांगेन, पण त्या १६ पोरांकडं पण एकदा जाऊन या. "घर काढा" म्हणलं की त्यातलं एखादं दोन घरं काढतं, एक माळवदाचं आणि एक कोपी, उसाच्या फडापाशी असते तशी, वरून निमुळती, बाजूला ट्रॅक्टरची ट्रॉली. एका मुलीनं दोन्ही घरांच्या मध्ये रस्ता काढला होता आणि तो कागदाच्या पाठीमागच्या बाजूला नेऊन परत पुढं आणला होता. मी विचारलं असं का, तर म्हणली, "लई लांब हाय ना म्याडम, कागद पुरंना."

बोलवायला शाळांना निमित्त लागतं, ते तुम्हीच द्या: १५ ऑक्टोबर वाचन प्रेरणा दिन, २७ फेब्रुवारी मराठी भाषा गौरव दिन. पण त्या दिवशी भाषणं जास्त असतात. मला स्वतःला साधा शनिवार आवडतो, सकाळची शाळा असते, दप्तराचं ओझं कमी, ऊन चढायच्या आत काम होतं. मार्चनंतर तर सकाळीच, पत्र्याच्या वर्गात दुपारी बसवत नाही.

५. बॅगेत काय काय

लाइट नाही असं धरूनच निघायचं. म्हणजे प्रोजेक्टर, लॅपटॉप घरी.

– खडू, रंगीत आणि पांढरे, स्वतःचे (शाळेतले ओले असतात किंवा संपलेले)
– जुनं ओलं फडकं, डस्टरपेक्षा बरं
– ए-फोरचं एक रीम, एका बाजूनं छापलेले रद्दी कागद पण चालतात
– ऑइल पेस्टल, डबे फोडून सुटे करून चार-पाच प्लास्टिकच्या डब्यांत, म्हणजे भांडण कमी. पाण्याचे रंग पहिल्या भेटीला नकोच. उन्हाळ्यात तर जिथं प्यायच्या पाण्याचा टँकर येतो तिथं ब्रश धुवायला पाणी मागायची लाज वाटते
– ६बी पेन्सिली, शार्पनर पाच तरी
– दोरी आणि कपड्यांचे चिमटे, चित्रं वाळत घालायला
– कापडावरची गोष्ट असेल तर ती
– पाण्याची बाटली, डबा. खिचडी खायचा आग्रह होतो, खा, पोरांबरोबर खाली बसून खा. त्या पंधरा मिनिटांत वर्गापेक्षा जास्त कळतं

खोडरबर नेऊ नका. रबर दिसला की पोरं अर्धा तास एकच रेघ खोडत बसतात.

एसटीनं जात असाल तर परतीची शेवटची गाडी आधी विचारून ठेवा. बायकांना अर्धं तिकीट आहे, पण गाडीच नसली तर अर्ध्या तिकिटाचं काय करायचं.

६. प्रत्यक्ष वर्गात

पहिल्यांदा सत्कार. तो टळत नाही. मुख्याध्यापकांना आदल्या दिवशी फोन करून सांगा, सर, सत्कार परिपाठातच उरकून टाकू, नारळाऐवजी पोरांनी काढलेलं एक चित्र द्या. बहुतेक सर ऐकतात.

सगळी शाळा एकत्र बसवू देऊ नका. "सगळ्यांनाच लाभ होऊ द्या" असं म्हणतात, त्यांचा हेतू चांगला असतो, पण १०० पोरांना चित्र दिसत नाही. ३०-३५ च्या वर नको. द्विशिक्षकी शाळा असेल तर पहिली-दुसरी वेगळी, तिसरी-चौथी वेगळी, दोनदा करा.

सुरुवातीला स्वतःबद्दल बोलू नका. सरळ फळ्यावर एक रेघ मारा आणि विचारा हे काय होईल. कुणी साप म्हणतं, कुणी रस्ता, कुणी पायपीन. पायपीन म्हणलं की ती रेघ पाइपलाइन करून टाका, पुढं गळकी तोटी, खाली हंडा, हंड्याशेजारी कुत्रं. पाच मिनिटांत पोरं तुमची.

मग गोष्ट. पुस्तक छातीशी धरून वाचायचं नाही. चित्र पोरांकडं, तुम्ही चित्राच्या बाजूला, गोष्ट तोंडपाठ. चित्रकथी लोक चित्रं दाखवत गोष्ट सांगायचे, पैठणच्या नावानं ओळखली जाणारी त्यांची चित्रं आजही संग्रहालयात आहेत, त्यांच्याकडं स्टेज नव्हतं, माइक नव्हता. चित्र वर केलं की गप्प बसायचं, पोरांना आधी बघू द्यायचं. हे गप्प बसणं मला सगळ्यात जड गेलं. आपल्याला वाटतं वेळ वाया चाललाय, पण तेवढ्यात कुणीतरी कोपऱ्यातली मुंगी शोधलेली असते.

भाषेचं एक. पुस्तकात "का" असेल तिथं पोरं "कामून" म्हणतात, "करायलाय", "जायलाव" म्हणतात. दुरुस्त करू नका. तांड्यावरच्या शाळेत घरी गोरमाटी (बंजारा बोली) बोलतात, आईला याडी म्हणतात. मी चित्रातल्या बाईकडं बोट दाखवून विचारते हिला तुमच्यात काय म्हणायचं, आणि ते शब्द फळ्यावर लिहिते. एरवी मागं बसणारी पोरं त्या दिवशी पुढं सरकतात.

नंतर चित्र काढणं, कमीत कमी २० मिनिटं. विषय काय देता यावर सगळं आहे. "आवडता देखावा" म्हणलात की ३५ कागदांवर ३५ वेळा दोन डोंगर आणि सूर्य. "येळवस काढा" म्हणा, मग बघा. कडब्याची कोपी, त्यात चुना लावलेले पांडव (पाच दगड), आंबिलाचं मडकं, उंडे, भज्जीचं पातेलं, झाडाला बांधलेला झोका, झोपलेला मामा. कुणीच म्हणत नाही मला येत नाही. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या खेपेला १० वाघिणी, ५ लाख लिटर. त्या जूनमध्ये मी शहरातल्या एका शाळेत "रेल्वे काढा" म्हणलं तर निम्म्या पोरांच्या रेल्वेला खिडक्याच नव्हत्या. गोल गोल टाक्या आणि खाली पाइप. तुम्ही-आम्ही कधी अशी रेल्वे काढली असती?

मोठ्या पोरांना (तिसरीच्या पुढं) एका कागदाचं आठ पानी पुस्तक करायला द्या. ए-फोर कागद लांबीला मधोमध दुमडा, उघडा. मग रुंदीला दोनदा दुमडा, उघडा, आठ घरं पडतात. आता छोट्या कडा जुळवून एकदा दुमडा आणि घडीच्या बाजूनं, मधल्या रेघेवर, एका घराएवढं कापा. उघडून परत लांबीला दुमडा आणि दोन्ही टोकं आत ढकला, मध्ये चौकोनी भोक उघडतं, ते मिटवून पानं एकावर एक बसवली की पुस्तक. घरी दहा वेळा करून बघा, वर्गात विसरलं की फजिती होते. पहिली-दुसरीला कात्री देऊ नका, कापलेले कागद घेऊन जा.

इथं फसाल, आणि हे तीन वेळा वाचा: पोराच्या चित्रात आपला हात घालायचा नाही. "हत्तीची सोंड जरा लांब कर" असं म्हणून आपण पेन्सिल घेतो आणि सोंड काढून देतो. ते पोरगं परत त्या कागदाला हात लावत नाही. दाखवायचंच असेल तर फळ्यावर किंवा आपल्या वहीत. नंबर काढू नका, पहिला-दुसरा-तिसरा. शिक्षक फार आग्रह करतात, सांगा की सगळीच लावूया दोरीवर. आणि आठवी-नववीची पोरं इलिमेंटरी, इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना काय येतं ते विचारतील, त्याचं उत्तर दोन वाक्यांत देऊन सोडा, नाहीतर पूर्ण तास मार्कांत जातो.

७. फोटो आणि सुरक्षितता

वर्गात शिक्षक पूर्ण वेळ हजर पाहिजेत. "म्याडम तुम्ही घ्या तास, मी जरा ऑफिसचं बघतो" असं म्हणाले तर नम्रपणे थांबवा. हे पोरांसाठी आहे आणि तुमच्यासाठी पण. पोरांचे चेहरे दिसतील असे फोटो शाळेला आणि पालकांना विचारल्याशिवाय कुठंही टाकायचे नाहीत. मी हातांचे आणि कागदांचे फोटो काढते, तेच मला नंतर कामाला येतात. पोराचं चित्र पुस्तकात वापरायचं असेल तर पालकांकडून लेखी घ्या, नाव छापा, आणि त्याचे पैसे द्या. "प्रेरणा घेतली" म्हणून जसंच्या तसं उचलायचं नाही.

८. पैसे

झेडपीला मी फी घेत नाही. खासगी शाळेला २,५०० आणि प्रवास सांगते, घासाघीस झाली तर १,५०० वर येते, फुकट जात नाही. सुरुवातीला लाजून काही बोलायचं नाही आणि नंतर घरी येऊन चिडचिड करायची, त्यापेक्षा पहिल्याच फोनवर आकडा सांगा. एका बड्या शाळेनं दिवसभर सहा वर्ग घ्यायला लावले आणि निघताना हातात ट्रॉफी दिली, तेव्हापासून मेलवर लिहून घेते.

९. घरी आल्यावर

त्याच रात्री वहीत लिहा. उद्या लिहू म्हणलं की गेलं. पोरं काय म्हणाली ते त्यांच्याच शब्दांत, कुठल्या चित्रावर हसली, कुठं कंटाळली. माझ्या डमीत सातव्या-आठव्या पानावर दर शाळेत पोरं खिडकीबाहेर बघायची, चार शाळांनंतर ती दोन पानं मी काढून टाकली. संपादकाला जे दोन महिने कळलं नव्हतं ते.

दोरीवर लावलेली चित्रं शाळेतच राहू द्या. दोनच मागायची असतील तर पोराला विचारून, बदल्यात आपलं एक काढून द्या.

शेवटचं, शाळेला पुस्तक भेट देताना. पुस्तक रजिस्टरला चढतं, मग ते हरवलं-फाटलं तर जबाबदारी सरांवर, म्हणून ते कपाटात कुलूपबंद होतं. यात सरांची चूक नाही. म्हणून मी दोन प्रती देते, एक रजिस्टरला आणि दुसरी तशीच, तिच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात "फाटलं तरी चालेल" लिहून खाली सही करते. सरांना पण आधार होतो आणि प्रत पोरांच्या हातात राहते.

त्या पहिल्या शाळेत, जिथं माझी २० मिनिटांत वाट लागली होती, तिथं मी दोन वर्षांनी परत गेले होते. माझं ते पहिलं पुस्तक खिडकीच्या फळीवर होतं. पाठीला खाकी पट्टी, पुढची चार पानं गायब, आणि गायीच्या पानावर कुणीतरी निळ्या बॉलपेननं वशिंड काढलेलं.